आतून कडी असलेली गाडी

आम्ही समुद्र बघायला निघालो आणि उजनी धरणाच्या पाण्यापर्यंत जाऊन परत आलो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं लाटा येतील, माड येतील म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. ज्यांना गाडीत घर करून जग फिरावंसं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही ज्यांना नातेवाईक आहेत त्यांनी जरा लक्ष देऊन वाचावं.

सोलापूर

आमचे हे निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ बघतात. एक गोरा, एक गोरी आणि एक कुत्रं. ते जुनी गाडी घेतात, आत फळ्या ठोकतात, दिव्यांच्या माळा लावतात आणि डोंगराकडं तोंड करून कॉफी पितात. सगळ्या व्हिडिओत मिळून त्यांना एकदाही कुणी विचारत नाही, की जेवलात का, कुणाचे तुम्ही, मुलं किती. यांना (गावात सगळे यांना अण्णा म्हणतात) ते बघून उमाळे यायला लागले. एक दिवस शेजारच्या गल्लीतल्या ड्रायव्हरची जुनी शाळेची गाडी दारात येऊन उभी राहिली. पिवळीधमक, मागं 'सावकाश, मुले उतरत आहेत' असं लिहिलेली, आत शिळ्या डब्याचा वास. हे म्हणाले, आपलं घर.

मी चिडले नाही याचं यांना नवल वाटलं. मला डोंगर नको होता, कॉफी तर नकोच होती. पण गाडीला दार होतं, आणि दाराला कडी बसवता आली असती.

आमचं सोलापुरातलं घर चांगलं आहे. तीन खोल्या, आठ माणसं. आमच्या खोलीच्या दारामागं माझ्या लग्नात आलेलं कपाट आहे, त्यामुळं ते दार लग्नापासून लागलेलं नाही. पडदा आहे. मी शाळेत शिकवत होते, दुपारी येऊन जरा आडवी झाले की पडद्याबाहेरून कुणीतरी विचारायचं, "झोपलीस का?" आधी सासूबाई, मग दीर, मग मुलं, आता सून आणि नातवंडं. झोपलेल्या माणसाला झोपलीस का विचारणं हा आमच्या घरचा कुळाचार आहे. मी निवृत्त झाले, कुळाचार चालूच राहिला. आतून कडी लावून एकदा पोटभर झोपावं, एवढीच माझी इच्छा होती. तेवढ्यासाठी गाडीत घर करावं लागणार असेल तर माझी ना नव्हती.

होटगी रस्त्यावरच्या रफिकभाईंनी गाडी कामाला घेतली. बाकं काढली तेव्हा खाली पेन्सिलींचे तुकडे, डब्याचं झाकण आणि एका पायाचा बूट निघाला. यांनी कागदावर नकाशा काढून दिला होता. त्यात पुस्तकांचं कपाट होतं, कुत्र्याची जागा होती, पण गॅसची शेगडी नव्हती. मी तो कागद चहाच्या कपाखाली घातला आणि रफिकभाईंना तोंडी सांगितलं. एक ओटा, एक मिटणारं टेबल, आणि खाली सामान राहील असा दोघांपुरता पलंग. पलंगाचं डोकं पूर्वेला हवं असं यांनी बजावलं. गाडी वळते, असं मी म्हटलं. त्यावर यांनी काही बोलायच्या ऐवजी बाजारातून होकायंत्र आणून स्टिअरिंगशेजारी चिकटवलं.

लाकूड मी स्वतः पॉलिशकागदानं घासलं, हाताची सालं निघेपर्यंत. आमच्या शेजारच्या पद्मक्कांचा माग केव्हाच बंद पडला, पण घरात जाड चादरींचे गठ्ठे होते. त्यांनी गादीला लाल-काळ्या चौकटीचा अभ्रा शिवून दिला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटून गाडीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. पडदे मी केले, चमचे ठेवायला कापडी खिसे मी केले, जुन्या साड्यांची वाकळ मी शिवली. सगळं झाल्यावर आत बसून बघितलं तेव्हा मला माझाच हेवा वाटला. इतकी सुंदर खोली मला माहेरी मिळाली नव्हती, सासरी तर प्रश्नच नव्हता.

शेवटी कडी राहिली. रफिकभाईंनी विचारलं, "भाभी, ताला बाहर कू है ना. अंदर कडी किसके वास्ते?"

"झोपायला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी पितळेची जाड कडी बसवून दिली.

इथपर्यंत सगळं गोऱ्यांसारखं चाललं होतं. मग यांनी ती चूक केली जी गोऱ्यांना करताच येत नाही, कारण त्यांना भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही. यांनी त्यावर लिहिलं: नव्या घरात राहायला जातो आहोत, घर चाकांवर आहे, तुम्हाला दाखवायला घेऊन येतो. खाली गावांची नावं. हात जोडलेली चित्रं.

आपल्याकडं नवं घर म्हटलं की आहेर आला, हे यांना कळायला हवं होतं. एरवी घर बघायला लोक येतात आणि आहेर घरात ठेवून जातात. आमचं घर लोकांना बघायला निघालं होतं.

अक्कलकोटच्या अलीकडं

समुद्र पश्चिमेला असतो. आम्ही पूर्वेला निघालो. कारण यांच्या पारव्वा मावशी तिकडं एका खेड्यात असतात आणि नवं घर आधी थोरांना दाखवायचं असतं. होकायंत्राची सुई बिचारी खरं तेच दाखवत होती, पण तिला विचारतो कोण?

मावशींनी गाडी अंगणात शिरायच्या आत थांबवली. पायरीवर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. मग आत शिरून पलंगावर बसून बघितलं, ओट्यावर टिचक्या मारल्या, आणि न्हाणीघर कुठं आहे ते विचारलं. न्हाणीघर नाही असं कळल्यावर त्या यांच्याशी कानडीत काहीतरी बोलल्या. यांनी मला त्याचा अर्थ सांगितला नाही.

जेवायला गव्हाची हुग्गी होती, तिच्यावर तुपाची धार, सोबत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. हुग्गी म्हणजे आपल्या खिरीची धट्टीकट्टी बहीण. एक वाटी खाल्ली की माणूस झोपायच्याच लायकीचा उरतो, आणि मी तर त्यासाठीच घरातून निघाले होते. हात धुताना मी सहज म्हणाले, की आता आम्ही गाडीत जाऊन पडतो.

मावशींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"अय्यो, माज्या दारात येऊन तुमी गाडीत झोपणार? उद्या गाव काय म्हणंल? पारव्वानं पावण्यास्नी घरात घेतलं न्हाय म्हणंल की."

यावर काही उत्तर यांनी मला देऊ दिलं नसतं. मी मावशींच्या आतल्या खोलीत घरातल्या बायकांच्या रांगेत झोपले. कड पालटायची तर सगळ्या रांगेनं पालटायची, असा तो प्रकार होता. पाहुण्यांना गाद्या दिल्या की घरच्यांना जागा उरत नाही, म्हणून मावशींचे म्हातारे दीर आमच्या गाडीत झोपायला गेले. सकाळी ते ताजेतवाने होऊन चहाला आले आणि म्हणाले, की गेल्या कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

"कडी तर लई झ्याक हाय," ते म्हणाले.

म्हणजे माझ्या कडीचं उद्घाटन त्यांनी केलं. मी चहात साखर घालायची विसरले आणि तो तसाच प्यायले.

निघताना मावशींनी आहेर केला. स्टीलचा भला मोठा हंडा. त्यावर मावशींचं, काकांचं आणि चारही मुलांचं नाव कोरलेलं, म्हणजे तो पुढं कुणाला देऊन टाकायचीही सोय नाही. पलंगाखाली तो मावला नाही. ओट्यासमोर ठेवला, तर उभं राहायला जागा उरली नाही.

केम

केमला जायला पुन्हा सोलापूरवरूनच जावं लागतं. हंडा घरी उतरवू या, असं मी सुचवलं. हे म्हणाले, एका दिवसात परत आले म्हणून गल्ली हसेल. तेव्हा आम्ही स्वतःच्या घराला बाहेरूनच वळसा घालून, चोरासारखे, पुढं निघालो.

गाडीचा रंग बदलायला सरकारी कागद लागतात म्हणून यांनी ती पिवळीच ठेवली होती. केमच्या अलीकडं एका बाईनं हात दाखवून गाडी थांबवली, दप्तर पाठीला लावलेल्या पोरीला पायरीवर चढवलं आणि उशीर केला म्हणून यांना फैलावर घेतलं. मी दार उघडलं तर आत गादी, शेगडी, हंडा आणि मी. ती बाई पोरीला उतरवून घेऊन किती वेळ रस्त्यात उभी होती, ते मागच्या काचेतून दिसत होतं.

केमला माझा धाकटा भाऊ दत्ता शेती करतो. हा तरी आपलं ऐकेल अशी मला खात्री होती, कारण लहानपणी त्याला मीच कडेवर घेऊन फिरवलं आहे. त्यानं गाडी बघितली, डोळे पुसले, आणि घरात बसायला काही नाही म्हणून आहेरात दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. शिवाय भिंतीवरचं घड्याळ, केळीचा घड आणि केमचं कुंकू, तेही पिशवीभर. घड्याळाला भिंत लागते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याला मी ते सांगितलंही नाही.

संध्याकाळी मी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की मी गाडीतच झोपणार आहे. तो उठला. जाऊन ओसरीच्या टोकाला बसला. थोड्या वेळानं भावजय आली, तिचं नाव शालन. हळूच म्हणाली, "ताई, ते जेवायचं न्हाय म्हणत्यात."

परदेशात माणसाला अडवायचं तर पोलीस लागतात म्हणे. आपल्याकडं ताटावरून उठलेला एक भाऊ पुरतो. मी आत झोपले, त्यांच्याच पलंगावर, आणि ती दोघं गेली गाडीत. शेजारी हे घोरत होते आणि मी छताकडं बघत माझ्या वाकळीचा एकेक तुकडा आठवत पडले होते. मला इतका राग आला होता, की पहाटे उठून सरळ केमच्या स्टेशनवर जाऊन कुठलीही रेल्वे पकडावी असं वाटत होतं.

सकाळी शालन भांडी घासायला बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. माझ्याजवळ बसली, राखेनं तवा घासत राहिली आणि वर न बघता म्हणाली, "ताई, आतनं कडी हाय की."

मी म्हणाले, हो, आहे.

"मी लावली व्हती," ती म्हणाली आणि तवा उलटा करून दुसऱ्या बाजूनं घासायला लागली.

तिच्यावर रागावता आलं नाही. तिच्याही खोलीला पडदाच होता, ते मी रात्री बघितलं होतं. निघताना मी तिला गाडीच्या पडद्यांमधला एक पडदा काढून दिला. खरं तर कडीच काढून द्यावीशी वाटली होती, पण तेवढं मोठं मन माझं नाही.

करमाळा

करमाळ्यात माझ्या मुलीचं सासर आहे. व्याह्यांच्या दारात गाडीत झोपणं म्हणजे त्यांच्या घराला भर बाजारात नावं ठेवणं. तिथं मी तोंडच उघडलं नाही. मुलीनं दारातूनच माझ्याकडं असं बघितलं, की मी आपण होऊन म्हणाले, वा, काय छान गाद्या घातल्यात. माझ्या गाडीत व्याही आणि त्यांचे बंधू झोपले. रात्रभर त्यांच्या गप्पांचा आवाज घरात येत होता.

विहीणबाई आमच्यापेक्षा वरचढ. आपल्या सोलापुरी चटणीनं जिभेला चटका बसतो. त्यांची गोडसर, तरी प्रत्येक घासाला विचारायच्या, की तिखट तर झाली नाही ना. मी नाही म्हणायचे आणि त्या गोडव्यावर पाणी प्यायचे. शेजारच्या सगळ्या बायकांना त्यांनी गाडी दाखवायला आणलं, आणि शेगडी कशी पेटते ते मला तीनदा करून दाखवायला लावलं. एका बाईनं काळजीनं विचारलं, की मुलानं घराबाहेर काढलं का. दुसरीनं तिला कोपर मारलं. मुलगी माझ्याकडं बघायचं टाळत होती.

पण आहेर त्यांनी असा केला, की मी हातच टेकले. कमलाभवानीची तसबीर. खिडकीएवढी, काच घातलेली, सोनेरी चौकटीची. विहीणबाईंनी ती स्वतः उचलून आत नेली, माझ्या लाल-काळ्या गादीवर उशांना टेकवून बसवली आणि हार घातला. म्हणाल्या, "आता देवीच तुमच्या घरात ऱ्हायला आली बघा."

यांनी हात जोडले. मीही जोडले. गाडीत झोपायला एकच जागा होती आणि तिथं आता देवी होती. तिच्याकडं पाय करून झोपता येत नाही, तिला जमिनीवर ठेवता येत नाही, आणि व्याह्यांनी दिलेली देवी वाटेत कुठं देऊनही टाकता येत नाही. विहीणबाईंना ज्यानं कुणी हे सुचवलं असेल, त्याला सासुरवास माहीत होता.

पाण्याकाठी

करमाळ्याहून पुढं निघालो तेव्हा माझे पाय खुर्चीवर, मांडीवर घड्याळ आणि डोक्याशी केळी होती. हे खुशीत होते. म्हणाले, आता समुद्रापर्यंत वाटेत फक्त दोन घरं आहेत, एक चुलत चुलत्यांचं आणि एक ऑफिसातल्या मित्राचं. दोघांचेही निरोप आलेत, वाट बघत आहेत. रात्री झोपायची अडचण आलीच, तर आपण आळीपाळीनं बसून काढू.

उजवीकडं उजनीचं पाणी दिसायला लागलं होतं. थंडीचे दिवस, पाणी जरा मागं हटलेलं, काठाच्या ओल्या जमिनीवर कुणीतरी हरभरा पेरलेला. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ उभी होती. घाटदार डोंगर नव्हता, माड नव्हते, आणि हाकेच्या अंतरावर एकही नातेवाईक नव्हता.

मी यांना गाडी खाली काठाला घ्यायला सांगितलं. त्यांना वाटलं फोटो काढायचा आहे.

"मला समुद्र नको," मी म्हणाले. "मला झोपायचंय. आत्ता. कडी लावून."

"अगं, दिवसा?"

"दिवसाच."

माझा आवाज शाळेतला होता. हे निमूटपणे उतरले. मी हंडा बाहेर काढला, घड्याळ त्याला टेकवून ठेवलं, केळी वर ठेवली, कुंकवाची पिशवी शेजारी ठेवली. खुर्च्या मांडल्या. देवीला उचलून, माफी मागून, एका खुर्चीवर पाण्याकडं तोंड करून बसवलं. दुसऱ्या खुर्चीवर यांना बसवलं. देवी आणि आमचे हे शेजारी शेजारी, दोघांसमोर उजनी. मग मी आत गेले, दार ओढलं आणि कडी लावली.

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आधी झोप लागेना. सवयीनं मी 'झोपलीस का'ची वाट बघत होते. थोड्या वेळानं टकटक झालीच. हे चहाची पावडर कुठं आहे ते विचारत होते. मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माहीत असलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. लाकडाचा वास येत होता, चादरीला अजून पद्मक्कांच्या घरातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. मला थोडं रडू आलं आणि मग झोप लागली.

जाग आली तेव्हा पडद्यावर तिरकं ऊन होतं. बाहेर कुजबुज चालली होती. पडद्याच्या फटीतून बघितलं तर पंधरा-वीस माणसं जमिनीवर बसलेली. मासे धरणाऱ्या बायका होत्या, हरभऱ्याच्या शेतातले गडी होते. देवीच्या चौकटीला केमचं कुंकू लागलं होतं, पुढं दोन नारळ होते, हंडा कुणीतरी पाण्यानं भरला होता आणि केळ्यांचा नैवेद्य झाला होता. आमचे हे खुर्ची सोडून उभे, अंग चोरून.

गाडीत देवी घेऊन फिरणारी माणसं लोकांनी बघितलेली असतात. आत दार लावून बसलेली बाई म्हणजे कोण, हे त्यांनी त्यांच्या परीनं ठरवलं होतं.

एका बाईनं यांना हळू आवाजात विचारलं, "आतल्या बाईंच्या अंगात येतंय व्हय?"

मी यांना ओळखते. गर्दी दिसली की यांना भाषण सुचतं. हो म्हणाले असते, तर संध्याकाळपर्यंत जत्रा भरली असती आणि ग्रुपवर फोटो गेले असते. मी फटीला डोळा लावून वाट बघत राहिले.

"नाही हो," हे म्हणाले. तेही कुजबुजून. यांना कुजबुजता येतं, हे मला तेव्हा कळलं. "झोपलीय ती."

"आजारी हायत का?"

"नाही."

"मग दिसाच्या का झोपल्यात?"

यांनी गाडीकडं बघितलं. मागं लिहिलेलं 'सावकाश' वाचत होते की काय कोण जाणे.

"तिचं घर आहे ते," मग म्हणाले. "कडी लावून झोपलीय."

आता ही माणसं हसतील, किंवा फसवलं म्हणून नारळ उचलून चालू लागतील, असं मला वाटलं. दोघं गडी उठलेही. मग पाटी पुढ्यात घेऊन बसलेली एक म्हातारी त्यांना म्हणाली, "गलका करू नगा. झोपू द्या की तिला. लई दिसाची झोप आसंल."

ते गडी खाली बसले. कुणी खोकलं तर दुसरं त्याच्याकडं रागानं बघत होतं.

माझी झोप केव्हाच पुरी झाली होती. पण माझ्या झोपेसाठी जन्मात पहिल्यांदा कुणीतरी गप्प बसलं होतं, आणि म्हातारीचा शब्द मोडणं बरं दिसलं नसतं. मी वाकळ अंगावर ओढली आणि पडून राहिले.